गप्प राहण्याचा हक्क

'द क्युअर' या इंग्लिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. त्यातलं पहिलं गाणं 'अलोन'. ते सुरू होतं आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कुणी गातच नाही. जड, संथ ड्रम, खर्जात चालणारी बेस गिटार, वर सिंथचे (सिंथेसायझरचे) दूरवर पसरलेले सूर. तीच सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक फेरीत थोडी भरत जाते. गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो तेव्हा गाणं जवळजवळ निम्मं झालेलं असतं. स्ट्रीमिंगच्या हिशेबात गाणं ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं, हा आज गाणी करणाऱ्यांचा पहिला धडा झाला आहे. आणि इथे १६ वर्षांनी नवा अल्बम घेऊन येणारा बँड पहिल्याच गाण्यात गायकाला इतकं थांबवून ठेवतो.

हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२ च्या 'विश'नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, त्यांना ती जागा मिळाली. अमेरिकेत तो चौथ्या क्रमांकापर्यंत पोचला. हे आकडे मी यशाची खूण म्हणून देत नाही. वाईट अल्बमही पहिले येतात. ते देतो कारण संगीताच्या धंद्यात गेली काही वर्षं जे शहाणपण म्हणून सांगितलं जातं, त्याच्याशी या आकड्यांचा मेळ बसत नाही. जुलै २०२० मध्ये स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग कंपनीचे संस्थापक डॅनियल एक यांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की तीन-चार वर्षांतून एकदा काहीतरी ध्वनिमुद्रित करायचं आणि तेवढं पुरेल असं मानायचं, हे दिवस संपले. कलाकारांनी श्रोत्यांशी सतत संबंध ठेवला पाहिजे. त्या वेळी करोनामुळे कार्यक्रम बंद होते आणि असंख्य वादक घरी बसून होते. अशा वेळी दिलेला तो सल्ला अनेकांना लागला, आणि लागायलाच हवा होता.

माझं म्हणणं त्या सल्ल्याच्या थेट विरोधात आहे. कलाकाराला गप्प बसता आलं पाहिजे. चार वर्षं, दहा वर्षं, गरज पडली तर सोळा. सांगण्यासारखं काही नसताना न बोलणं हा कामातला खंड नसतो, तो कामाचाच भाग असतो. आणि ही केवळ कलाकाराच्या स्वभावाची किंवा शिस्तीची गोष्ट नाही. गप्प बसणं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, हे तिकिटाचा दर, मानधनाचे नियम आणि कार्यक्रमांच्या जागा ठरवतात. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. १९७६-७७ मध्ये इंग्लंडमध्ये पंक संगीताचा स्फोट झाला आणि त्याच्या मागोमाग जी पिढी आली तिला 'न्यू वेव्ह' म्हटलं गेलं. पंकचा धीटपणा आणि काटकसर या मुलांनी घेतली, पण तिच्यात सिंथ आणले, नाचायचा ठेका आणला, थोडी कविता आणि बराच एकटेपणा आणला. लंडनच्या दक्षिणेला क्रॉली नावाचं गाव आहे. तिथल्या शाळकरी मित्रांनी जमवलेला 'द क्युअर' याच लाटेतला. पहिला अल्बम १९७९ चा. १९८२ चा 'पोर्नोग्राफी' इतका काळाकुट्ट होता की त्यापुढे जायला वाट उरली नव्हती, आणि पुढच्याच वर्षी याच लोकांनी 'द लव्हकॅट्स' हे उड्या मारत जाणारं गाणं केलं. १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन' हा त्यांचा शिखरबिंदू, असं बहुतेक जण मानतात, मीही मानतो. उदास आणि खेळकर अशा दोन्ही टोकांना सारख्याच खरेपणाने राहता येणं ही त्यांची मूळ ताकद होती.

ही ताकद पुढे कमी कमी होत गेली. २००० मध्ये 'ब्लडफ्लॉवर्स', २००४ मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम, २००८ मध्ये '४:१३ ड्रीम'. दर चार वर्षांनी एक. 'ब्लडफ्लॉवर्स'मध्ये जीव होता. पुढचे दोन मी अनेकदा ऐकले आहेत, आवडीने ऐकायचा प्रयत्न केला आहे, आणि माझं मत बदललेलं नाही: नव्या अल्बमची वेळ झाली म्हणून ते झाले. '४:१३ ड्रीम' ब्रिटनच्या यादीत ३३ व्या क्रमांकापर्यंतच गेला. श्रोत्यांशी सतत संबंध ठेवण्याचा सल्ला पाळणारा बँड कसा ऐकू येतो, ते इथे ऐकायला मिळतं. प्रत्येक गाण्यात ओळखीची गिटार आहे, ओळखीचा आवाज आहे, आणि ते गाणं आलंच नसतं तरी काही बिघडलं नसतं.

त्यानंतर स्टुडिओतला अल्बम थांबला. बँड मात्र थांबला नव्हता, आणि हे नोंदवायला हवं, कारण पुनरागमनाच्या गोष्टी रंगवताना ते हमखास गाळलं जातं. २०११ मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांनी आपले पहिले तीन अल्बम सलग वाजवले. २०१२ मध्ये गिटारवादक रीव्ह्ज गॅब्रेल्स बँडमध्ये आला. जुलै २०१८ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये चाळिशीचा सोहळा झाला, २०१९ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर शेवटच्या रात्रीचा कार्यक्रम त्यांचा होता. म्हणजे दहा वर्षं ते जुन्या गाण्यांवर जगले, आणि चांगले जगले. २०१८ मध्ये लंडनच्या मेल्टडाउन महोत्सवाची आखणी स्मिथकडे होती. तिथे कुणाला बोलवायचं हे ठरवताना त्याने बरेच नवे बँड ऐकले आणि त्यातून पुन्हा काहीतरी करावंसं वाटलं, असं त्याने सांगितलं आहे. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत २०१९ मध्ये ध्वनिमुद्रण झालं. अल्बम लवकरच येतोय असं त्याच वर्षी तो सांगू लागला. वर्ष गेलं, करोना आला, आणखी तारखा सांगितल्या गेल्या, त्याही गेल्या. चाहते चिडले. या काळात स्मिथचे आईवडील गेले, आणि मोठा भाऊ रिचर्डही गेला.

या दिरंगाईत काही थोर योजना होती असं मी म्हणणार नाही. शब्द पूर्ण होत नव्हते, हे स्मिथने स्वतःच कबूल केलं आहे. 'अलोन'ची पहिली ओळ सापडत नव्हती, आणि ती सापडल्याशिवाय अल्बमचं दार उघडत नव्हतं. शेवटी त्याला अर्नेस्ट डाउसन या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रज कवीची 'ड्रेग्ज' ही कविता आठवली आणि तिच्या आधाराने ती ओळ आली. एका ओळीसाठी इतकी वाट पाहणं कुठल्याही कंपनीच्या वेळापत्रकात बसत नाही. पण ती ओळ ऐकल्यावर, त्या तीन मिनिटांच्या वाद्यमेळानंतर तीच का हवी होती, हे लगेच कळतं. आपण गात आलो त्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट, असं ती सांगते. शेवटापासून सुरुवात करणारा अल्बम पंचेचाळिशीतल्या माणसाला लिहिता येईलही, पण मग तो आव ठरेल. अल्बम आला तेव्हा स्मिथ ६५ वर्षांचा होता.

आठ गाणी, पन्नास मिनिटांना थोडी कमी. सगळी स्मिथने लिहिलेली. मला यातलं सर्वांत मोठं गाणं वाटतं ते 'आय कॅन नेव्हर से गुडबाय', भावाच्या मृत्यूचं. पियानोवर अगदी साधी, लहान मुलालाही वाजवता येईल अशी सुरावट फिरत राहते. स्मिथने सांगितलं आहे की हे गाणं त्याने अनेक तऱ्हांनी लिहून पाहिलं, आणि शेवटी त्या रात्री काय घडलं तेवढंच ठेवलं. अनेक खर्ड्यांतून गाळून उरलेला साधेपणा आणि सुचलं तसं लिहिलेला साधेपणा यांत फरक असतो, आणि तो कानाला कळतो. इथे एकही उपमा दुःखाला सजवत नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधली एक ओळ येते, तीही अशी की घरात कुणाच्या तरी तोंडून सहज निघावी. गाणं २०२२ मध्ये पोलंडमधल्या क्रॅकोच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायलं गेलं आणि दोन वर्षांनी अल्बममध्ये आलं. ज्यांनी घरातलं माणूस गमावलं आहे, त्यांना या दोन वर्षांबद्दल वेगळं सांगायला नको.

शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांचं. यात तर सहा मिनिटं होऊन गेल्यावर आवाज येतो. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या उन्हाळ्यात दहा वर्षांचा स्मिथ वडिलांबरोबर बाहेर उभा राहून चंद्राकडे पाहत होता. पन्नास वर्षांनी तो पुन्हा तसाच उभा राहिला, आणि ते जग, ते वडील, तो मुलगा कुठे गेले, असा त्याला प्रश्न पडला. एवढंच गाणं आहे. ड्रम वाजत राहतात, गॅब्रेल्सची गिटार त्यांच्यावर ओरखडे काढत जाते, आणि स्मिथ शेवटी ज्या शब्दापाशी येऊन थांबतो तो आहे 'काहीच नाही'. मी हे निराशेचं गाणं मानत नाही. आपल्याजवळ काय होतं याची इतकी नेमकी आठवण असलेला माणूस निराश नसतो, तो शोकात असतो. या दोन अवस्था तरुणपणी एकच वाटतात; 'पोर्नोग्राफी'च्या काळात स्मिथलाही त्या एकच वाटत असाव्यात.

सगळंच असं नाही. 'ड्रोन : नोड्रोन' मला या अल्बममध्ये उपरं वाटतं, त्यातला गिटारचा गोंगाट बाकीच्या गाण्यांच्या संयमाशेजारी नुसता मोठा वाटतो. आणि त्या जुन्या 'द लव्हकॅट्स'वाल्या खोडकर स्मिथची मला आठवण येते. तो इथे नाही. पण जे आहे ते २०१२ मध्ये किंवा २०१६ मध्ये होऊच शकलं नसतं, कारण ते ज्यातून आलं ते तेव्हा घडलेलंच नव्हतं. दीर्घ खंडानंतरच्या कुठल्याही अल्बमला लावायची माझी कसोटी एवढीच आहे: हा आधी करता आला असता का? आला असता, तर मधल्या वर्षांनी त्यात काही घातलं नाही.

या कसोटीवर न्यू वेव्हवाल्यांची बाकीची पुनरागमनं पाहावीत. 'ब्लाँडी' १७ वर्षांनी १९९९ मध्ये 'नो एक्झिट' घेऊन आले आणि 'मारिया' ब्रिटनमध्ये पहिलं आलं. गाणं झकास आहे, पण ते १९८० मध्येही तसंच झालं असतं. 'द कार्स'नी २४ वर्षांनी, २०११ मध्ये, 'मूव्ह लाइक धिस' केला. त्यांचा बेसवादक आणि दुसरा गायक बेंजामिन ऑर २००० मध्येच वारला होता. अल्बम नीटनेटका आहे, आणि ऑरच्या जागी जी पोकळी होती तिच्याकडे तो पाहत नाही, हेच मला त्याचं अपयश वाटतं. 'डेव्हो'नी २०१० मध्ये, वीस वर्षांनी, लोकांकडून मतं मागवून गाणी निवडली आणि अल्बमचं नाव ठेवलं 'समथिंग फॉर एव्हरीबडी'. ते बाजारावरचं भाष्य होतं हे मान्य, पण भाष्य करताना त्यांनी जे केलं ते बाजार करतो तेच होतं.

'टिअर्स फॉर फिअर्स'ची गोष्ट मात्र जवळची आहे. २००४ नंतर त्यांचा नवा अल्बम नव्हता. आजच्या यशस्वी गीतकारांबरोबर बसून आजच्यासारखी गाणी लिहा, असं त्यांच्याच व्यवस्थापनाने सुचवलं. त्यांनी ते केलं, आणि त्यातलं बरंचसं शेवटी टाकून दिलं. दरम्यान २०१७ मध्ये त्यांच्यातला गायक-गीतकार रोलंड ऑर्झाबाल याची पत्नी गेली. २०२२ मध्ये आलेल्या 'द टिपिंग पॉइंट'च्या मध्यभागी तिचं आजारपण आहे. टाकून दिलेली गाणी तेव्हाच बाहेर आली असती, तर श्रोत्यांशी संबंध राखल्याचं समाधान मिळालं असतं आणि हा अल्बम कदाचित मिळाला नसता.

आणि 'द पोलिस'. न्यू वेव्हच्या काळातल्या मोजक्याच पाश्चात्त्य बँडनी भारतात येऊन वाजवलं, त्यातला हा एक. १९८० मध्ये त्यांनी मुंबईत कार्यक्रम केला होता. १९८३ नंतर त्यांचा स्टुडिओ अल्बम नाही. २००७-०८ मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले, जगभर फिरले, त्या दौऱ्यात ३५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली, आणि एकही नवं गाणं न करता ते वेगळे झाले. यात अप्रामाणिक काही नव्हतं. त्यांना नवं काही सांगायचं नव्हतं आणि त्यांनी तसं ढोंग केलं नाही. पण धंद्याने त्यातून जो धडा घेतला तो वाईट होता: नव्या गाण्याची गरज नाही, जुन्या गाण्यांच्या तिकिटाचा दर वाढवा. 'ओअॅसिस' हा बँड न्यू वेव्हचा नव्हे, पण २०२४ मध्ये त्यांच्या पुनर्मीलनाची घोषणा झाली तीही नव्या अल्बमविना. ऑगस्टअखेर तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा सुमारे १५० पौंडांचं उभ्याचं तिकीट रांगेत थांबलेल्यांच्या डोळ्यांदेखत ३५५ पौंडांवर गेलं. मागणी पाहून चढे दर लावण्याची ही पद्धत आहे.

'द क्युअर'ची लढाई इथे सुरू होते, आणि अल्बमइतकीच मला ती महत्त्वाची वाटते. २०२३ च्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यासाठी त्यांनी चढते दर नाकारले, मागणीनुसार महाग विकली जाणारी तथाकथित 'प्लॅटिनम' तिकिटं नाकारली, जिथे कायदा आड येत नव्हता तिथे तिकीट दुसऱ्याला विकण्यावर बंदी घातली, आणि काही ठिकाणी सर्वांत स्वस्त तिकीट २० डॉलरचं ठेवलं. विक्री सुरू झाली आणि चाहत्यांनी पावत्या दाखवल्या: २० डॉलरच्या तिकिटावर २० डॉलरहून जास्त वेगवेगळी शुल्कं. स्मिथने ट्विटरवर मोठ्या लिपीत उघड राग व्यक्त केला आणि तिकिटं विकणाऱ्या टिकिटमास्टर या कंपनीला जाब विचारला. कंपनीने अखेर सर्वांत स्वस्त तिकिटांवर १० डॉलर आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत करायचं मान्य केलं. रक्कम लहान आहे. पण मोठे कलाकार 'हे आमच्या हातात नसतं' असं जे वर्षानुवर्षं सांगत आले, ते त्या दिवशी खोटं ठरलं. २०२४ मध्ये स्मिथने चढत्या दरांच्या पद्धतीला सरळ फसवणूक म्हटलं, आणि कलाकाराने नकार दिला तर ती लागू होत नाही हेही सांगितलं. कमी दरात विकलेला तो दौरा उत्तर अमेरिकेतला त्यांचा तोवरचा सर्वांत जास्त उत्पन्नाचा दौरा ठरला.

तिकिटाच्या दराचा आणि नव्या गाण्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते तो अगदी थेट आहे. महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा देऊन आलेला माणूस नवं गाणं ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. त्याने त्याची तरुणपणाची गाणी विकत घेतलेली असतात आणि ती त्याला मोजून हवी असतात. यात त्याची चूक नाही. दराने त्याला गिऱ्हाईक केलेलं असतं. २०२२-२३ च्या दौऱ्यांत 'द क्युअर' रोज रात्री अशी गाणी वाजवत होते जी कुठेच प्रसिद्ध झालेली नव्हती. 'अलोन'ने कार्यक्रम उघडत आणि पुढे 'एंडसाँग'ही वाजवत, दहा मिनिटांचं, कुणालाच पाठ नसलेलं. लोक ऐकत. परवडणाऱ्या दराने त्यांना श्रोते राहू दिलं होतं. अल्बम आला त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहात त्यांनी आठही गाणी आधी ओळीने वाजवली, मग जुनी, एकूण ३१, आणि हे सगळं यूट्यूबवर फुकट दाखवलं.

आपल्याकडे त्याच शरद ऋतूत काय चाललं होतं? जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत होणार असलेल्या 'कोल्डप्ले'च्या कार्यक्रमांची तिकिटं सप्टेंबरमध्ये काही वेळातच संपली आणि लगेच अनेक पटींनी दुसऱ्या संकेतस्थळांवर दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेलं. पुनर्विक्रीवर नाव आणि ओळखपत्र तपासणारा, मूळ किमतीची मर्यादा घालणारा नियम हवा, ही मागणी तेव्हा झाली. ती योग्य होती आणि तिचा पाठपुरावा व्हायला हवा.

आता या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. स्मिथला गप्प बसणं परवडलं, कारण त्याच्याकडे चाळीस वर्षांची गाणी होती आणि ती त्याला पोसत होती. आज पंचविशीत असलेल्या गायिकेने सोळा महिने गप्प बसायचं ठरवलं तर ती विसरली जाईल. २०२४ पासून स्पॉटिफायने नियमच केला आहे की बारा महिन्यांत किमान हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्यांच्याकडून मानधन मिळणार नाही. तिला थांबण्याचा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच डॅनियल एक यांचा सल्ला मला इतका खटकतो. ज्या व्यवस्थेत थांबणं अशक्य आहे ती ते घडवतात, आणि मग न थांबणं हा काळाचा नियम असल्यासारखं सांगतात.

थांबणं शक्य करता येतं. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षांसाठी, देण्याचा प्रयोग सुरू केला; त्या बदल्यात ठरावीक काम करून दाखवण्याची अट नव्हती. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात १२५ लहान संगीतगृहं बंद पडली किंवा तिथले कार्यक्रम थांबले. 'द क्युअर'सारखे बँड अशाच जागांवर वाजवत मोठे झाले. त्यामुळे मोठ्या मैदानांवरच्या प्रत्येक तिकिटातून थोडी रक्कम लहान जागांसाठी काढावी, ही मागणी तिथल्या संसदीय समितीने मे २०२४ मध्ये उचलून धरली. महाराष्ट्रात तर आपल्याकडे महापालिकांची नाट्यगृहं आहेत, म्हणजे जागा आधीच सार्वजनिक मालकीच्या आहेत. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना ती भरतात, याबद्दल तक्रार नाही. ती गाणी मलाही प्रिय आहेत. पण महिन्यातल्या काही तारखा फक्त नव्या रचनांसाठी, नाममात्र भाड्यात राखून ठेवायला कुठला मोठा निधी लागत नाही. स्टेडियममधल्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरच्या करातून त्याची भरपाई सहज होईल.

श्रोत्यांकडेही बोट दाखवायला हवं. २०१९ ते २०२४ या काळात स्मिथला उद्देशून जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं वसुलीच्या भाषेतलं होतं: कबूल केलंत, मग द्या. आवडत्या कलाकाराकडे आपलं काही येणं आहे असं मानणारा चाहता आणि दर आठवड्याला नवं गाणं मागणारी कंपनी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. स्मिथने तारखा द्यायलाच नको होत्या, हे खरं. पण त्या चुकल्या म्हणून कुणाचं काही बुडालं नाही. उलट २०१९ च्या हॅलोविनला तो अल्बम रेटून बाहेर काढला असता, तर 'अलोन'ला बहुधा ती पहिली ओळ मिळालीच नसती.

याच ध्वनिमुद्रणातून आणखी एक अल्बम जवळजवळ तयार आहे, असं स्मिथने २०२४ मध्येच सांगितलं. २०२९ मध्ये तो सत्तरीचा होईल आणि पहिल्या अल्बमला पन्नास वर्षं होतील. तिथवर पोचलो तर तिथे थांबेन, असंही तो म्हणाला. तो दुसरा अल्बम कधी येतो हे मला जाणून घ्यायचं नाही. तयार झाला तर यावा. शब्द जुळत नसतील तर त्याने तो तसाच कपाटात ठेवावा, आणि आपण त्याला विचारू नये.